फायरप्लेसची पुनर्बांधणी : साहित्याची निवड

इंग्लंडमधील खेड्यांतल्या जुन्या कॉटेजमध्ये आढळणारी रुंद फायरप्लेस (इंगलनूक) पुन्हा उभारताना वापरायचे बांधकाम-साहित्य. हिचे तोंड इतके ऐसपैस असते की आत बाजूला बसायलाही जागा होते. वरचा भार बहुधा ओकच्या जाड तुळईवर असतो.

मूळ काम आसपासच्या मालाचे. कॉट्सवोल्डमध्ये चुनखडक, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, ईस्ट अँग्लियात वीट आणि गारगोटी. सांधे चुन्याचे किंवा मातीचे. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ मध्ये. त्याआधीच्या मूळ भिंतीत हे सिमेंट नाही आणि तिच्या दुरुस्तीतही ते घालू नये. जाळाने भिंत फुगते, निवल्यावर आकसते. चुन्याचा सांधा ही हालचाल सोसतो व ओल बाहेर पडू देतो. सिमेंट मात्र ताठ राहते, मग सांध्याऐवजी वीटच फुटते. सांधा विटेहून मऊच हवा. झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो; हाताने पाडलेली जुनी वीट एकदा गेली की गेली.

प्रत्यक्ष जाळ लागतो तिथला हिशेब वेगळा. ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्‌झची स्फटिकरचना बदलते आणि तो एकाएकी फुगतो, म्हणून क्वार्ट्‌झ असलेल्या ग्रॅनाइटला तडे जातात. तापलेल्या गारगोटीच्या कपच्या उडतात. नदीतले गोटे तर आणूच नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. जाळाच्या मागे व बाजूंना फायरक्ले या उष्णता सोसणाऱ्या मातीच्या विटा, त्याच मातीच्या बारीक सांध्यांत बसवाव्यात. मागच्या भिंतीपुढे बिडाची पाटी उभी करण्याची ससेक्समधील जुनी रीतही उत्तम. ती भिंत वाचवते आणि उष्णता खोलीत परतवते. जुन्या मऊ विटा जपून काढून दर्शनी भागात लावाव्यात.

धुराड्याला आतून चुना आणि शेण कालवून गिलावा करीत. शेणाने सारवलेली चूल पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कृती परकी वाटणार नाही. हा गिलावा गळून पडला असेल, तर धूर सांध्यांतून वरच्या खोल्यांत शिरतो. तेव्हा नळीत भाजक्या मातीचे किंवा स्टेनलेस स्टीलचे अस्तर घालावे लागते. इंग्लंडच्या बांधकाम-नियमांच्या मार्गदर्शिकेनुसार उघड्या जाळाखालचा न जळणारा थर किमान १२५ मिमी. जाड हवा आणि तो तोंडापुढे ५०० मिमी., बाजूंना १५० मिमी. यावा. इमारत वारसा-यादीत असल्यास तिचे स्वरूप बदलणाऱ्या कामाला आधी संमती लागते.

साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. काम उरकण्याची घाई असलेल्या गवंड्याला तो देऊ नये. बांधकाम काही आठवडे वाळू द्यावे, मग लहान जाळ करून ते हळूहळू तापवत न्यावे.