एका आट्याची कड

सायकलच्या दुकानात ॲक्सल बाहेर काढताना नवशिका पोरगा त्याच्या टोकावर सरळ हातोडी मारतो. ॲक्सल निघतो, पण टोकाचा आटा चेपून किंचित पसरतो आणि मग त्यावर नट चढत नाही. जाणता कारागीर आधी मध्ये लाकडाचा तुकडा धरतो. आपण सर्वांनीच हे कधी ना कधी पाहिलेले असते. अशाच एका चेपलेल्या आट्याने १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर कॅनडाच्या सैनिकांची रायफल ऐन वेळी बंद पाडली.

रायफलीचा बोल्ट म्हणजे नट-बोल्टमधला बोल्ट नव्हे. तो दाराच्या अडसरासारखा असतो. पुढे सारला की काडतूस नळीच्या मागच्या कोठीत जाते आणि मागची बाजू पक्की बंद होते. मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. गोळी सुटताना पितळेचे काडतूस फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलीत ते सोडवण्यासाठी बोल्टची मूठ आधी वर फिरवावी लागे. या फिरण्यात उतरणीचे तत्त्व कामाला येते: थोड्या जोराने, पण मोठ्या ताकदीने काडतूस सैल होते.

सर चार्ल्स रॉस यांनी ही फिरवाफिरव काढून टाकली. बोअर युद्धाच्या काळात ब्रिटनकडून रायफली मिळेनात, म्हणून कॅनडाने १९०२ मध्ये रॉस यांच्याशी करार केला व क्वेबेकला कारखाना निघाला. रॉस रायफलीची मूठ सरळ मागे ओढायची; आतील मळसूत्री खाचांमुळे बोल्टचे डोके आपोआप फिरे. १९१० च्या नमुन्यात या डोक्यावर तोफेच्या झाकणासारखे तुटक आटे होते. नेम उत्तम लागे. महायुद्धाआधी बिस्लीच्या नेमबाजी स्पर्धांत तिने बक्षिसेही पटकावली. मात्र वाचवलेल्या हालचालीबरोबर उतरणीचा फायदाही बराचसा गेला, आणि तो स्पर्धेच्या मैदानावर कोणाला जाणवला नाही.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. दोन दिवसांनी तो कॅनेडियनांवरच आला. चिखलात, डोळे चुरचुरत असताना भराभर गोळ्या झाडायच्या होत्या. हाती आलेली ब्रिटिश काडतुसे मापाला थोडी ढिली म्हणजे काही जाडसर होती. ली-एनफिल्डच्या सैल कोठीत ती खपून जात, रॉसच्या घट्ट कोठीत अडकत. बोल्ट हाताने निघेना, तेव्हा सैनिकांनी बुटाच्या लाथा घातल्या.

खरी गोम इथे आहे. मागे आलेला बोल्ट थांबवायला एक छोटा अटकाव होता, आणि तो डाव्या बाजूच्या फक्त शेवटच्या आट्यावर आदळे. बोल्टच्या डोक्याच्या पोलादाला पुरेसे पाणी दिलेले नव्हते, त्यामुळे ते मऊ राहिले होते. लाथेने बोल्ट सुटला की तो वेगाने अटकावावर आपटे. प्रत्येक आघाताने आट्याची कड थोडी पसरे, पसरलेली कड खाचेत घासून अडके, आणि पुढच्या वेळी आणखी मोठी लाथ घालावी लागे. म्हणजे उपायच बिघाड वाढवत होता.

जिवंत परतलेल्या सुमारे ५,००० सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून मेलेल्यांच्या ली-एनफिल्ड उचलल्या होत्या, असा आकडा नोंदला गेला.

मग वाद पेटला. कॅनडाचे लष्करमंत्री सॅम ह्यूज म्हणत, दोष काडतुसांचा. आघाडीवरचे सैनिक म्हणत, दोष रायफलीचा. आम्हाला वाटते, दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या होत्या, आणि म्हणूनच निदान लांबले. कोठ्या रिमर फिरवून मोठ्या केल्या गेल्या, त्याने काही फरक पडला. पण चेपलेला आटा तसाच राहिलेल्या रायफली अडतच राहिल्या. लक्षण एक, कारणे दोन, अशी गाठ प्रयोगशाळेतही नेहमी पडते.

पसरलेली कड कानसून टाकली तर? उचललेला धातू तेवढा काढणे ठीक. पण गोळी सुटताना सगळा दाब याच आट्यांच्या मागच्या पृष्ठांवर येतो. ते पृष्ठ घासले गेले की बोल्ट मागे सरकायला जागा मिळते, काडतुसाचा आधार कमी होतो. शिवाय मऊ पोलाद पुन्हा चेपणारच. खरा उपाय दुसराच होता: अटकाव मोठा करायचा, म्हणजे आघात एका आट्यावर न येता वाटला जातो, आणि पोलादाला नीट पाणी द्यायचे. पुढे अटकाव मोठा केला गेला खरा, पण तोवर सैनिकांचा विश्वास उडाला होता. कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनला जून १९१५ मध्ये ली-एनफिल्ड मिळाल्या, बाकीच्यांना १९१६ मध्ये. रॉस यांचा कारखाना १९१७ मध्ये सरकारने ताब्यात घेतला.

दूरवरचा नेम साधणाऱ्या काही कॅनेडियन सैनिकांनी मात्र युद्ध संपेपर्यंत रॉस सोडली नाही. ते रायफल पुसून ठेवत, काडतुसे निवडून घेत, आणि एका गोळीनंतर दुसरी झाडायची त्यांना घाई नसे. त्यांच्या बोल्टला लाथ कधी बसलीच नाही.