सिद्दी : आपल्याच मातीतला, आपणच न पाहिलेला काळा माणूस

आपल्या चळवळीचं काळ्या माणसाशी नातं जुनं आहे. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आज आपली पोरं मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्सचे फोटो स्टेटसला ठेवतात. चांगलंच आहे. पण आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस आपल्या दख्खनमध्येही होता आणि त्याचे वंशज आजही आहेत, हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे?

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक, शेवटपर्यंत हाती न लागलेला जंजिरा. दुसरी, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. म्हणजे सिद्दी हा शत्रू. पण त्याच वेढ्याच्या वेळी शिवरायांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल कुणाला आठवत नाही. इतिहासात सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायचं आणि पुढे तोच इतिहास एका धर्माविरुद्ध वापरायचा, हा खेळ आपल्याला नवीन नाही.

आता मलिक अंबरकडे येऊ. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा. मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला, अरबस्तान आणि बगदादच्या बाजारांतून हात बदलत दख्खनला पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही पूर्वी गुलाम असलेला हबशीच होता. मालक मेल्यावर अंबर मोकळा झाला आणि 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा बुडणारी निजामशाही याच माणसाने सावरून धरली.

आपण खानदेशी लोकांनी हे नीट समजून घ्यावं. अमळनेरची बोरी ज्या तापीला मिळते, त्याच तापीवर वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर आहे. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला, खानदेश मोगल सुभा झाला आणि बुऱ्हाणपूर हा दक्षिणेच्या स्वाऱ्यांचा तळ बनला. या तळावरून निघणाऱ्या फौजांना अंबरने पंचवीस वर्षं गनिमी काव्याने जेरीस आणलं. एकदा तर त्याच्या फौजांनी बुऱ्हाणपूरलाच वेढा घातला. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. 1610 साली त्याने खडकी हे शहर वसवलं, जमिनीखालून नहर आणून त्याला पाणी दिलं, जमीनमहसुलाची नवी पद्धत बसवली. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावावरून एवढं राजकारण झालं, पण शहर वसवणाऱ्याचं नाव कोणत्याच बाजूच्या घोषणेत नव्हतं.

इथे दोन सापळे आहेत, आणि आपले कार्यकर्तेही त्यात अडकतात.

पहिला सापळा : “बघा, गुलाम वजीर झाला, म्हणजे भारतात वर्णभेद नव्हता.” खोटं आहे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख करताना त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. रणांगणात तो हाती लागला नाही, म्हणून बादशहाने अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं! आणि एक अंबर वर गेला, तेव्हा घराघरांत, जनानखान्यांत राबणाऱ्या गुलाम हबशी बायकांची नावं कुठे आहेत? अपवाद दाखवून व्यवस्था निर्दोष ठरवणं ही जुनीच युक्ती आहे.

दुसरा सापळा : मलिक अंबरला आपला ‘महापुरुष’ करून त्याच्या जयघोषावर थांबणं. विभूतिपूजा हा अधोगतीचा रस्ता आहे, असं बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बजावलं होतं. अंबरकडून शिकायचं ते वेगळंच आहे. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दाखवलं की गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात, शिकवण्यात मालकाचा फायदा असतो. अस्पृश्य मात्र कुणाचीच जबाबदारी नसतो. गुलामाला मुक्त करता येतं, अस्पृश्याला जन्मातून सुटका नाही. अंबरला हिशेब आणि तलवार शिकवली गेली ती मालकाच्या दयेमुळे नव्हे, मालकाच्या गरजेमुळे. पण त्याच दख्खनमध्ये गावकुसाबाहेर तेवढ्याच बुद्धीचं पोर जन्मलं असतं, तर त्याच्या हाती पाटी कुणी दिली असती?

याचा दुसरा पुरावा आपल्या शेजारी नाशिकला आहे. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नाशिकच्या शरणपूर वस्तीत ठेवली गेली. तिथे मिशनऱ्यांनी त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकी शिकवली. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे मान्य. पण यातलाच जेकब वेनराइट पुढे संशोधक लिव्हिंगस्टनच्या तुकडीत गेला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या स्मृतीची अक्षरं वेनराइटने झाडावर कोरली आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा दिला. 1873, म्हणजे ‘गुलामगिरी’चंच वर्ष. जहाजावरून सुटलेला गुलाम नाशिकला शिकला. त्याच नाशिकमध्ये 1930 साली आपल्या माणसांना काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला.

आणि आजचा सिद्दी? उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या जंगलपट्ट्यांत तो राहतो. यांतले अनेक जण गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांकडून पळून जंगलात शिरलेल्या गुलामांचे वंशज. घरात कोकणी-मराठीच्या जवळची बोली. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. देव तीन, पण परिस्थिती एक : दुसऱ्याच्या शेतात मजुरी. धर्म कोणताही असो, समाजाने दिलेली जागा बदलत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल? अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसल्याने तिन्ही धर्मांतल्या सिद्दींना तो मिळतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र आपल्याला बौद्ध म्हणून तो मिळायला 1990 उजाडलं, आणि दलित ख्रिस्ती-मुसलमान अजूनही बाहेरच आहेत.

पण इथेही मेख आहे. हा दर्जा उत्तर कन्नडात 2003 साली मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना 2020 साली. गुजरातेत तो फक्त सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांत आहे. गोव्याच्या यादीत सिद्दी आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. नकाशावरची रेघ ओलांडली की माणसाचं मागासलेपण संपतं का?

1980 च्या दशकात सरकारला सिद्दींची आठवण झाली ती ऑलिम्पिकच्या पदकांसाठी. ‘यांच्या रक्तातच धावणं आहे’ म्हणून मुलं निवडली, शिबिरं घेतली आणि काही वर्षांत योजना गुंडाळली. माणसाची लायकी रक्तावरून ठरवणं हा मनूचाच विचार, फक्त मैदानावरचा. जांबूरच्या हिराबाई लोबी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती धावण्यासाठी नव्हे, सिद्दी बायकांना संघटित करून उभं केल्याबद्दल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या सिद्दींची नोंद सिद्दी म्हणून व्हावी, नुसती ‘मुसलमान’ किंवा ‘ख्रिस्ती’ म्हणून नको, ही मागणी आपण उचलायला हवी. अभ्यासवर्गात ‘गुलामगिरी’ वाचताना शिकागोबरोबर हल्याळ आणि शरणपूरही शिकवा. आणि एक गोष्ट घरापासून सुरू करा : काळ्या रंगाच्या पोराला ‘हबशी’ म्हणून चिडवणं आपल्या वस्त्यांतही चालतं. ते आजच बंद करा. अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी बंधुत्व सांगणाऱ्यांना शेजारचा काळा माणूस परका वाटत असेल, तर ते बंधुत्व फक्त पोस्टरवरचं आहे.

जय भीम!