चिनी विद्येची वाट

लोहगडवाडीच्या उतरणीखाली, भाज्यास, इसवी सनापूर्वी कोरलेली बौद्ध लेणी असली आणि चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने सातव्या शतकातच चालुक्य राजा पुलकेशीच्या मुलखाची हकीकत लिहून ठेवली असली, तरी त्या यात्रेकरूच्या भाषेचा व्यासंग आपल्याकडे फार विलंबाने रुजला. वसंत परांजपे 1947 साली पेकिंग विद्यापीठात दाखल झाले, आणि 1954 मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषे म्हणून बसले. पाली पंडित पु. वि. बापटांनी मात्र, अकिरा हिराकावांच्या सहकार्याने, समंतपासादिका या विनयपिटकावरील पाली टीकेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1970 मध्ये प्रकाशित केलेला तो ग्रंथ, सरकारदरबारच्या दुभाषेगिरीहून, मला अधिक टिकाऊ कमाई वाटते.