दडलेले, दडवलेले, दडपलेले : गोपनवाचक शब्दांचा इतिहास आणि समीक्षा

दोन भाषांतील शब्दांची जुळणी करताना कोशकाराला एक सोय गृहीत धरावी लागते. एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द मांडला की अर्थ पोचला, अशी ती सोय. वस्तूंच्या नावांबाबत ती बरीचशी निभावते. लपणे-झाकणे या अर्थाच्या क्रियांबाबत मात्र ती लवकरच अपुरी पडते. इंग्रजीतील ‘हाइड’ हे क्रियापद स्वतः लपण्याला चालते आणि दुसरे काही लपवण्यालाही चालते. बाल्टिक कुळातील लाट्वियन भाषेत हा भेद शब्दरूपातच उमटतो. तेथे ‘स्लेप्त’ म्हणजे लपवणे आणि त्यालाच आत्मवाचक प्रत्यय लागून झालेले ‘स्लेप्तिएस’ म्हणजे लपणे. मराठीची वाट नेमकी उलट आहे. येथे ‘लपणे’ हे मूळ रूप असून ‘लपवणे’ हे त्यावरून साधलेले प्रयोजक रूप आहे. कोणी कोणापासून काय लपवले, हा प्रश्न मराठी क्रियापदाला अशा रीतीने व्याकरणातच विचारला जातो.

एकोणिसाव्या शतकातील द्वैभाषिक कोशांनी या प्रश्नाचे काय केले, हे त्यांच्या रचनेवरून ध्यानात येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) मराठी शब्द वर्णानुक्रमाने येतात. त्यामुळे ‘गूज’, ‘झाकणे’, ‘दडणे’, ‘लपणे’ हे शब्द परस्परांपासून दूर, आपापल्या गोतावळ्यात राहतात. मोल्सवर्थने आरंभलेल्या आणि टॉमस कँडीने पुऱ्या केलेल्या इंग्रजी-मराठी कोशाची (१८४७) दिशा वेगळी आहे. तेथे एका इंग्रजी शब्दाखाली मराठी प्रतिशब्दांची रांग लागते, आणि रांगेत उभे राहिलेले शब्द एकमेकांचे पर्याय भासू लागतात. मेजर कँडी यांचा क्रमिक पुस्तकांच्या भाषेवरही दीर्घकाळ अधिकार चालला. अव्वल इंग्रजीतील भाषांतरकाराच्या हाती जी मराठी आली, ती या रांगेतून निवडलेली मराठी होती.

रांगेत पुसले जाणारे भेद मात्र जुने आहेत. ‘गुप्त’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘लपलेला’ असा नसून ‘राखलेला’ असा आहे. ‘गुप्’ या धातूचा अर्थ रक्षण करणे. तो धातूही ‘गोप’, म्हणजे गाई राखणारा, या नामावरून मागाहून कल्पिला गेला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘विष्णुगुप्त’ म्हणजे विष्णूने रक्षिलेला. जे राखायचे ते दृष्टीआड ठेवायचे, या व्यवहारातून रक्षणाचा अर्थ गोपनाकडे सरकला. लाट्वियनमध्येही ‘ग्लबात’ म्हणजे जपून ठेवणे आणि त्यावरून झालेला ‘अपग्लबात’ म्हणजे पुरणे, मृताला मातीआड करणे. ‘गुह्’ या दुसऱ्या धातूवरून ‘गुहा’, ‘गूढ’ आणि ‘गुह्य’ हे शब्द आले. ‘गुह्य’चे प्राकृतातून मराठीत ‘गूज’ झाले. गुपित राखायचे असते, तर गूज सांगायचे असते; ‘हितगुज’ या शब्दात तर संवादच अभिप्रेत आहे. इंग्रजीतील ‘सीक्रेट’ या एका शब्दाखाली ही दोन्ही नांदतात, आणि त्यांतील विरोध नाहीसा होतो.

संस्कृत साहित्यशास्त्राने गोपनाला काव्यमूल्याचा दर्जा दिला, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त गुणीभूतव्यंग्याचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत ‘अगूढ’ आणि ‘अस्फुट’ हे दोन आहेत. व्यंग्य अगदी उघडे पडले तर काव्याची प्रत उतरते, आणि सहृदयालाही कष्टाने उमगावे इतके झाकले तरीही उतरते. म्हणजे अर्थाचे झाकलेपण हा येथे कवीचा अपराध नाही; ते वाचकाशी केलेले गूज आहे.

मराठीच्या आरंभकाळात याच प्रश्नाला सामाजिक रूप आले. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधले. त्यांतील सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरेने रवळोबासांकडे दिले जाते. ग्रंथांचे पावित्र्य आणि पाठ राखणे हा हेतू धरला, तर हे गोपन ‘गुप्त’ शब्दाच्या मूळ अर्थाने गोपन ठरते. परंतु राखण्याची किंमतही मोठी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली आणि वि. ल. भावे प्रभृतींनी या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तोवर मराठी गद्याच्या उगमाचा हा भाग पंथाबाहेरील वाचकांना जवळजवळ नव्हताच. ज्या लिपीने ‘लीळाचरित्रा’ची परंपरा जपली, तिनेच ती वाङ्मयेतिहासापासून सहा शतके दूर ठेवली.

गोपनाचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात काहीच नजरेआड जात नाही. पांडवांचा अज्ञातवास हा लपणे नव्हे. विराटाच्या नगरीत ते सर्वांसमक्ष वावरतात. फक्त ओळखले जात नाहीत. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्याच्या कथेतील अज्ञातवास हाच नाटकाचा रचनाधर्म झाला. राजकीय आशय सैरंध्री, बल्लव आणि कीचक यांच्या वेषात रंगमंचावर उघड वावरत होता. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या लेखनात कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे समीकरण उलगडून दाखवले, त्याच वर्षी नाटकावर बंदी आली. चिरोल यांची ओळख चुकीची नव्हती. पण साम्राज्याच्या भाषेत जे झाकलेले ते कपट ठरले, आणि प्रेक्षकाच्या भाषेत तोच अज्ञातवास होता, म्हणजे मुदत भरली की संपणारा. त्या भाषेत प्रकट होणे हा पराभव नव्हता.

१९४२ नंतर याच भेदाने एका माणसाला दोन नावे दिली. पोलीस दफ्तरात जो ‘फरारी’, तो लोकांच्या तोंडी ‘भूमिगत’. ‘भूमिगत’ हा संस्कृत घडणीचा शब्द या अर्थाने रूढ झाला तो इंग्रजी शब्दाच्या धर्तीवर; पण साताऱ्यातील नाना पाटील यांच्या प्रतिसरकाराच्या काळात (१९४३–४६) त्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती कोणत्याही कोशातून आलेली नव्हती. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत जागा बदलत चालवलेले नभोवाणी केंद्रही ‘गुप्त’ म्हटले गेले, ‘चोरटे’ नव्हे. विशेषण निवडले की पक्षही निवडला जातो.

आजच्या समीक्षेपुढचा प्रश्न येथूनच उभा राहतो. पाश्चात्त्य सिद्धान्तांच्या परिचयाबरोबर संहितेतील ‘हिडन मीनिंग’ मराठीत आले, आणि ‘दडलेला’, ‘दडवलेला’, ‘दडपलेला’ हे शब्द त्यासाठी अदलून बदलून वापरले जाऊ लागले. परंतु ही तीन विधाने आहेत. अर्थ ‘दडलेला’ असतो तेव्हा कर्ता नसतो. भाषेच्या स्वभावानेच तो आत राहतो. ‘दडवलेला’ म्हटले की दडवणारा आला, आणि त्याच्या हेतूचा विचार आला. ‘दडपलेला’ म्हणताच बळ आले, आणि बळ वापरणारी सत्ता आली. इंग्रजीतील एका विशेषणाला जे मोघमपणे सांगता येते, ते मराठीला आरोप तरी करून सांगावे लागते, नाहीतर आरोप टाळून.

याचा कस ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलने’च्या बाबतीत लागतो. १८८२ साली पुण्यात छापलेल्या या निबंधाची दखल महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) घेतली. त्यानंतर तो मराठी वाङ्मयेतिहासात जवळजवळ दिसत नाही, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांच्या संपादनाने पुन्हा वाचकांपुढे येतो. मधल्या नव्वद वर्षांचे वर्णन कोणत्या क्रियापदाने करायचे? ‘अज्ञात राहिला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण महानुभावांच्या पोथ्यांप्रमाणे हा निबंध कोणत्याही लिपीआड ठेवलेला नव्हता, ‘कीचकवधा’प्रमाणे वेष पालटून आलेला नव्हता, आणि त्याच्यावर कोणी बंदीही घातलेली नव्हती. तो नित्याच्या देवनागरीत, लेखिकेच्या नावासह, उघड छापलेला होता. ज्यांनी तो पाहूनही मोजला नाही त्यांच्या कृतीला लपवणे म्हणता येत नाही, आणि दडपणे म्हणायला हुकुमाचा कागद सापडत नाही. मराठीत यासाठी एक जुना, घरगुती वाक्प्रचार आहे : कानाडोळा करणे. तो सहसा गोपनवाचक शब्दांच्या रांगेत धरला जात नाही, कारण त्यात वस्तू हलत नाही, नजर हलते. वाङ्मयेतिहासातील पुष्कळशा गोपनाची नोंद याच क्रियापदाखाली करावी लागेल, आणि त्या नोंदीत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येणार नाही.