एकसष्टाचे ज्येष्ठ मूळ

एका अपूर्णांकविरहित संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा, आणि येणारी बेरीज पुन्हा पूर्ण वर्ग असावी. अशी सर्वांत लहान संख्या कोणती? प्रश्न शाळकरी वाटतो. ६१ च्या जागी ६० असते तर उत्तर ४ आले असते, कारण ३१ चा वर्ग ९६१ होतो. ६२ असते तर ८ आणि ६३ ही जोडी पुरली असती. परंतु ६१ साठी कनिष्ठ मूळ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ येते. त्याखाली उत्तरच नाही! दोन गरीब शेजाऱ्यांमध्ये हा असा कुबेर का, हे मला आजही नवल वाटते.

भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘बीजगणिता’त हे उत्तर दिले. १ आणि ८ या मुळांपासून, क्षेप ३ धरून, ते निघतात. एका फेऱ्यात ५, ३९ आणि क्षेप उणे ४ येतो. तेथून ब्रह्मगुप्ताच्या (इ. स. ६२८) भावनेने ३८०५ आणि २९,७१८ ही मुळे मिळतात, क्षेप उणे १. म्हणजे २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४ आणि ३८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. या दोन लगतच्या संख्यांची बेरीज केली की आपले ज्येष्ठ मूळ हाती येते. त्याला कनिष्ठाने भागल्यास ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि चूक एकावर सतरा शून्ये इतक्या भागांपैकी एका भागाहूनही कमी राहते.

या रीतीला ‘चक्रवाल’ म्हणतात. ती भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. तिला हे नाव पूर्वीच्यांनी दिल्याचे ते स्वतःच सांगतात, आणि जयदेवाचे तद्विषयक श्लोक इ. स. १०७३ च्या एका टीकेत उतरलेले आहेत. इ. स. १६५७ मध्ये फर्माने युरोपातील गणितज्ञांना हाच प्रश्न ६१ सह घातला. त्याला आपले ग्रंथ ठाऊक होते याला काडीचा आधार नाही. ब्राउंकरने तो सोडविला, ऑयलरने श्रेय चुकून पेलला दिले, आणि अशा प्रश्नांना उत्तर असतेच हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. ती सिद्धता आपल्या ग्रंथांत नाही. अभिमान बाळगताना हे मान्य केलेच पाहिजे; जे आहे तेच पुष्कळ आहे.

भास्कराचार्यांचे विज्जलविड विजापूरजवळचे की खानदेशातले, यावर आपल्या सीमाभागात हिरिरीने वाद होतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो चाळीसगावनजीकच्या पाटणचा शिलालेख. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला, आणि इ. स. १२०७ मध्ये निकुंभ वंशातील सोन्हदेवाने त्याला दान दिले. लेख संस्कृत आहे. पण मठाचा खर्च कसा चालायचा हे सांगायची वेळ येताच तो मराठीत बोलू लागतो, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळीपळीभर तेल मठाला द्यावे, असे नेमून देतो.