जनमत चाचण्या : अविश्वास नेमका कुठे ठेवावा?

‘आम्हाला तर कोणी विचारलं नाही, मग हे आकडे आले कुठून?’ निवडणूक आली की वाशिमच्या पाटणी चौकापासून मानोऱ्याच्या टपरीपर्यंत हा सवाल ठरलेला. २०२४ नंतर त्याला जास्तच धार आली. लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी महाराष्ट्रात महायुतीला पुढे दाखवले, आणि ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने नेल्या. नोव्हेंबरात विधानसभेला बऱ्याच चाचण्यांनी महायुतीचे बहुमत ओळखले, पण युती २३० च्या पुढे जाईल असे एकाही प्रमुख चाचणीने सांगितले नव्हते. तेव्हापासून ‘सगळे पोल म्हणजे थोतांड’ हे मत घट्ट झाले आहे. ते मला पटत नाही.

पहिला आक्षेप थोड्या लोकांना विचारल्याचा. बाजार समितीत सोयाबीनचा अख्खा ढीग कोणी यंत्रात घालत नाही. मूठभर दाण्यांवरून ओलावा ठरतो. फक्त ती मूठ ढिगाच्या वरच्या थरातली नको. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख लोकांची उत्तरे गोळा करूनही रूझवेल्ट हरणार असे सांगितले, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते घेतले होते ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांचे. गरीब माणूस यादीतच नव्हता. याउलट नीट निवडलेले हजार लोक मतांची टक्केवारी साधारण तीन टक्के इकडेतिकडे धरून सांगू शकतात, मग मतदार एक लाख असोत की नऊ कोटी.

खरी गफलत पुढे होते, मतांवरून जागा काढताना. लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांतला फरक टक्काभराच्या आत होता, तरी जागा ३० आणि १७. मतांचा अंदाज अगदी तंतोतंत आला असता, तरी त्यावरून हा निकाल सांगता आला नसता. विधानसभेला अंतर मोठे होते, म्हणून दिशा बरोबर आली आणि आकडा चुकला.

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड मतदारसंघाचेच पाहा. राज्यभर महायुतीची लाट असताना तिथे काँग्रेसचे अमित झनक निवडून आले. अपक्ष अनंतराव देशमुख दुसरे, तर पाच वेळा खासदार राहिलेल्या शिंदेसेनेच्या भावना गवळी तिसऱ्या. झनक आणि देशमुख यांच्यातला फरक सहा हजारांच्या थोडा वर, म्हणजे झालेल्या मतांच्या तीन टक्क्यांहूनही कमी. २०१९ मध्ये याच दोघांत तो २,१४१ होता. आता राज्यभरातून वीस हजार लोकांना विचारले असे धरा. २८८ मतदारसंघांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला सत्तरच्या आसपास येतात, आणि सत्तर माणसांवरून काढलेली टक्केवारी बारा टक्क्यांपर्यंत हुकू शकते. अशा चाचणीवरून ‘रिसोडची सीट अमक्याची’ म्हणणे हा अंदाजसुद्धा नव्हे.

पोल विकत घेतले जातात, हा आरोप मी उडवून लावत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘न्यूज एक्स्प्रेस’ वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या तपासात काही संस्थांची माणसे आकडे फिरवून द्यायला तयार असल्याचे दिसले होते. शिवाय सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी गावात आलेल्या सर्वेक्षकाला शेतमजूर बाई घरी सापडणार नाही, तांड्यातला कामासाठी बाहेर गेलेला तरुणही नाही. सापडलेला माणूसही अनोळख्याजवळ मन मोकळे करेलच असे नाही. हे दोष मोठे आहेत. पण ते दिसतात ते चाचणी कशी केली हे तपासले तरच. ‘सगळेच खोटे’ म्हणून मोकळे झालो की बनावट पोल आणि कष्टाने केलेला पोल एकाच भावात विकले जातात, आणि फायदा बनावटवाल्याचा होतो.

कायद्याने मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र चाचणी कोणाच्या पैशाने झाली आणि किती गावांत कोणाला विचारले, हे टीव्हीच्या पडद्यावर क्वचितच येते. यापुढे आकडा दिसला की आधी एवढे विचारा. उत्तर मिळाले तर मतांची टक्केवारी विचारात घ्या, जागांचा आकडा सोडून द्या. उत्तर मिळालेच नाही, तर तो पोल पुढे पाठवू नका.