तळटीप : दहा कुमारींचा दाखला

१४. ‘पाच शहाण्या, पाच मूर्ख’ : मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय २५, ओवी १ ते १३. येशू हा दाखला जैतुनाच्या डोंगरावर, वधस्तंभापूर्वीच्या अखेरच्या दिवसांत शिष्यांना सांगतो. वराला उशीर होतो, मध्यरात्री हाक येते, आणि जादा तेल न आणलेल्या पाचजणी दाराबाहेर राहतात. पुष्कळ वाचक हा दाखला भीतीने वाचतात. परंतु पाचवी ओवी लक्षपूर्वक पाहावी : डुलक्या दहाही जणींना लागतात. झोपेबद्दल कोणालाच दोष दिलेला नाही. म्हणजे शेवटी सांगितलेले ‘जागे राहणे’ हे धास्तीने डोळे ताणून बसणे नव्हे. तेल आधीच भरून ठेवणारीला निर्धास्त झोपता येते. तिची तयारी हाच तिचा विश्वास.

लगेच येणारा तालांतांचा दाखला (ओवी १४ ते ३०) याची दुसरी बाजू दाखवतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. धन्याने सोपवलेली एवढी मोठी ठेव तिसरा दास जमिनीत पुरतो आणि कारण देतो भीतीचे. धनी कठोर आहे, हे त्याने मनाशी धरले होते. ज्याने एवढे सोपवले त्याचा भरवसा त्याला दिसलाच नाही. अध्यायाचा शेवट भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा आणि आजाऱ्याची विचारपूस यांवर होतो. ख्रिस्ती सज्जता म्हणजे रोजची अशी सेवा; तिच्यात गुंतलेल्या मनाला शेवटच्या दिवसाची धास्ती उरत नाही.